कुंडीत न लावता उगवलेला वेल कशाचा?

आजची गोष्ट माझ्या गॅलरीतली आहे.

जूनमध्ये एका कुंडीत घरचं कंपोस्ट घातलं, आणि थोड्याच दिवसांत दोन जाड पानं वर आली. मी तर काहीच लावलं नव्हतं! मोबाईलमधलं ॲप एका फोटोला काकडी म्हणालं, दुसऱ्याला लाल भोपळा. ॲपला तरी काय बोलणार? काकडी, भोपळा, दुधी, दोडका एकाच कुळातले, लहानपणी सगळे सारखेच दिसतात.

मग मी डोकं लावलं. कचऱ्यात पिकलेलं बी कशाचं जातं? लाल भोपळा आपण पिकल्यावर खातो, त्याचं बी रुजतं. टोमॅटो, पपई, खरबूज, तसंच. दुधी, दोडका मात्र कोवळेच चिरतो, बी कच्चंच असतं. म्हणजे भोपळाच. ठरलं.

चुकलो. पानं मोठी झाल्यावर हात फिरवून बघितला. पान मखमलीसारखं मऊ लागलं. देठ पानाला मिळतो तिथे दोन बारीक गाठी होत्या. ही दुधीची खूण. पुढे फुलानं शंकाच ठेवली नाही. भोपळ्याचं फूल पिवळं, सकाळी उमलणारं. हे पांढरं, संध्याकाळी उमललं. आईला फोन केला तर म्हणते, "अरे, तो जून झालेला दुधी तूच नाही का कचऱ्यात टाकलास?"

फुलाखाली इवलासा दुधी दिसला की ते मादी फूल. संध्याकाळी नर फुलाचे पराग मी ब्रशने त्यावर लावले, आणि फळ धरलं.

आता हे नीट ऐका. आई म्हणाली, "चाखल्याशिवाय शिजवू नकोस." दुधीत कधीकधी कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष वाढतं, आणि आपोआप उगवलेल्या वेलाच्या बियांचा बाप कोण हे कळत नाही. शिजवून कडूपणा जात नाही. कडू दुधीच्या रसाने उलट्या, जुलाब, अगदी रक्ताच्या उलट्याही होतात, बीपी घसरतं, माणसं दगावली आहेत. यावर उतारा नाही. चुकून पोटात गेला तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

मी टोकाची चकती कापली, जिभेला नुसती लावली, थुंकली. कडूजहर!

एवढे दिवस पाणी घातलं होतं, वाईट वाटलं. पण वेल उपटला. आणि तो दुधी ह्या वेळी कंपोस्टच्या डब्यात नाही टाकला.