जुना श्वासनियामक : टाकावा कीं राखावा?

पितळी स्टोव्हचा पंप हवा धरीनासा झाला, तर जुन्या घरांतील गृहिणी स्टोव्ह भंगारांत टाकीत नसे. ती पंपाचा वॉशर बदलून घेई. पितळ शाबूत असे, झिजलेलें असे तें कातडें. समुद्रांत उतरणाऱ्या पाणबुड्याच्या तोंडाशीं जें यंत्र असतें, त्यालाहि हाच न्याय लागू पडतो. भेद एवढाच कीं, स्टोव्ह बिघडला तर चहा उशिरां मिळतो. हें यंत्र बिघडलें तर श्वासच मिळत नाहीं. म्हणून ‘जुनें तें सोनें’ म्हणत तें वापरणें काय, किंवा जुनें म्हणून टाकून देऊन नवें विकत घेणें काय, दोन्ही गोष्टी डोळे मिटून करण्याजोग्या नाहींत. यंत्राची रचना नीट समजली म्हणजे निर्णय करणें सोपें जातें.

या यंत्रास रेग्युलेटर, म्हणजे श्वासनियामक, असें म्हणतात. पाणबुड्याच्या पाठीवरील नळकांड्यांत हवा दाबून भरलेली असते. तिचा दाब जमिनीवरील हवेच्या दाबाच्या सुमारें २०० पट असतो. ही हवा थेट तोंडांत सोडली तर फुप्फुसें फाटतील. उलट, साध्या दाबाची हवाहि पाण्याखालीं उपयोगाची नाहीं. कारण १० मीटर खोलीवर शरीरावरील दाब दुप्पट व ३० मीटरवर चौपट होतो. छातीवर बाहेरून जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा आंत आली पाहिजे. हें काम दोन टप्प्यांत होतें. नळकांड्यावर बसविलेला पहिला टप्पा हवेचा दाब उतरवून तो भोंवतालच्या पाण्याहून नऊ-दहा वातावरणें अधिक, इतकाच ठेवतो. दुसऱ्या टप्प्यांत एक लवचिक पडदा असतो. श्वास घेतांच पडदा आंत ओढला जातो, लहानशा तरफेला दाबतो, झडप उघडते आणि हवा येते. श्वास थांबतांच झडप मिटते.

ही युक्ति १९४३ सालीं फ्रान्समध्यें सिद्ध झाली. आरमारी अधिकारी झाक-ईव्ह कूस्तो व अभियंता एमिल गान्यां हे तिचे जनक. महायुद्धामुळें पेट्रोल दुर्मिळ झालें होतें. मोटारी गॅसवर चालविण्यासाठीं गान्यां यांनीं जी झडप बनविली होती, तिचेंच हें रूपांतर. त्या यंत्राला दोन जाड नळ्या असत व झडपा पाठीवर असत. पुढें १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ऑस्ट्रेलियांतील टेड एल्ड्रेड यांनीं एका नळीचें यंत्र बाजारांत आणलें. आजचीं बहुतेक यंत्रें त्याच वळणाचीं आहेत. मूळ तत्त्व तेव्हांपासून बदललेलें नाहीं, आणि जुनें यंत्र अद्यापि उपयोगी पडूं शकतें याचें कारणहि हेंच.

या यंत्राचें अंग पितळेचें असून त्यावर क्रोमचा मुलामा असतो. नीट निगा राखली तर तें दोन पिढ्या टिकतें. वय होतें तें रबराचें. नळ्यांना भेगा पडतात, पडदा ताठर होतो, रबरी कड्या सपाट होतात. धातूची तीक्ष्ण कड ज्या मऊ गादीवर टेकते, त्या गादीला चरा पडतो. मग पहिला टप्पा पुरता मिटत नाहीं. त्याची परीक्षा सोपी आहे. दाबमापक जोडून कांटा पाहावा. तो एका जागीं स्थिर राहिला तर गादी चांगली, हळूहळू वर चढूं लागला तर ती गळते आहे. दुरुस्ती करणारा जाणकार यंत्र सुटें करतो, हिरवट कळंक सौम्य आम्लांत धुऊन काढतो व मऊ भाग सगळे नवे घालतो.

याच वेळीं यंत्रांत सुधारणाहि करतां येते. जुन्या रबरी पडद्याच्या जागीं सिलिकोनचा पडदा बसविला तर तो अधिक लवचिक राहतो व अधिक काळ टिकतो. स्कूबाप्रो कंपनीच्या १०९ क्रमांकाच्या जुन्या दुसऱ्या टप्प्यांत पुढें निघालेल्या संतुलित झडपेचे भाग बसवितां येतात. त्यामुळें श्वास घेणें हलकें होतें. खर्च होतो तो सुट्या भागांचा व मजुरीचा.

परंतु कांहीं यंत्रांना निरोपच द्यावा लागतो. पितळेला तडा गेला असेल, झडपेची कड कुरतडली गेली असेल, किंवा सुटे भाग कोठेंच मिळत नसतील, तर तें यंत्र कपाटांत शोभेला ठेवावें. नळकांड्याला आंवळून धरणारी कडीहि तपासावी. पूर्वींच्या सामान्य पोलादी नळकांड्यांत दर चौरस इंचास २२५० पौंड दाब असे; हल्लींच्या सामान्य अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्यांत तो ३००० पौंड असतो. जुनी नाजूक कडी एवढा भार घेण्यासाठीं घडविलेली नसते.

शेवटचा मुद्दा सोबत्याचा. पूर्वीं एकाची हवा संपली तर दोघे एकाच मुखनळींतून आळीपाळीनें श्वास घेत. घाबरलेला मनुष्य हातांतील मुखनळी परत देईलच, याचा भरंवसा कोणीं द्यावा? म्हणून आतां प्रत्येक पाणबुड्या दुसऱ्यासाठीं एक जादा मुखनळी बरोबर ठेवतो. जुन्या यंत्रांना अशी नळी किंवा दाबमापक जोडण्यास पुष्कळदां छिद्रेंच नसतात. तीं करून घेतां येत असतील तर यंत्र राखावें. येत नसतील, तर तें कितीहि गोड चालत असलें तरी खोल पाण्यांत नेऊं नये. कारण तेथें जीव एकट्या मालकाचा नसतो.

राखलेल्या यंत्राची चाकरी मोठी नाहीं. तारकर्लीचा समुद्र असो वा भूमध्य समुद्र, मीठ सर्वत्र सारखेंच. वर येतांच पहिल्या टप्प्याचें तोंड कोरडें करून त्यावर टोपण घट्ट बसवावें, गोड्या पाण्यांत यंत्र भिजवावें, सावलींत वाळवावें आणि ठरल्या वेळीं जाणकाराकडून उघडून पाहून घ्यावें.