हॉटेलामागची दलदल

भूमध्य समुद्रातल्या मायोर्का या स्पॅनिश बेटावर दरवर्षी कोटीभराहून अधिक पर्यटक उतरतात. बेट केवढं, तर ३,६४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्यापेक्षाही किंचित लहान. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाळूवर पडून राहायचं असतं, पोरांना पाण्यात सोडायचं असतं आणि संध्याकाळी समुद्राकाठी जेवायचं असतं. पण एप्रिल-मे महिन्यांत पाल्मा विमानतळावर सामानाची वाट बघणाऱ्या गर्दीत गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसंही हमखास दिसतात. त्यांच्या शेजारीच प्लास्टिकच्या बादल्या-फावडी सांभाळणारं एखादं कुटुंब उभं असतं. कित्येकदा ते त्यांचंच असतं.

घरात एकाला पक्ष्यांचं वेड असलं, की सहलीत कुरबुर ठरलेली. पक्षिनिरीक्षण म्हणजे काळोखात उठणं, न बोलता तासन्‌तास उभं राहणं, आणि शेवटी ‘तो बघ, गेला!’ एवढंच ऐकून परतणं, अशी मुलांची समजूत असते आणि ती अगदीच खोटी नसते. मायोर्कात मात्र हा तंटा बऱ्यापैकी मिटतो, कारण इथं पक्षी शोधायला रानावनात जावं लागत नाही. ते हॉटेलांच्या मागच्या बाजूलाच राहतात.

बेटाच्या उत्तरेला आल्कुदियाचा उपसागर आहे. किनाऱ्याला समांतर रस्ता, त्याच्या कडेनं हॉटेलं, पिझ्झाची दुकानं, भाड्याच्या सायकली. आणि याच रस्त्याच्या पलीकडे सुमारे १,७०० हेक्टरांवर पसरलेली साल्बुफेराची दलदल. एकोणिसाव्या शतकात ही दलदल आटवून शेती करायचा मोठा खटाटोप झाला. १८६०च्या दशकात एका ब्रिटिश कंपनीनं हे काम हाती घेतलं. मँचेस्टर शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी नावाजलेला अभियंता जॉन फ्रेडरिक बेटमन त्यात होता. कालवे खणले गेले, बांध घातले गेले, पूल उभे राहिले. पण समुद्राचं खारं पाणी काही हटेना आणि कंपनीच बुडाली. कालवे आणि ‘इंग्रजांचा पूल’ मागे राहिले, ते आजही आहेत. पुढे इथं भातशेती झाली, दलदलीतल्या गवतापासून कागदही बनवला गेला. मग पर्यटनाची लाट आली आणि कडेकडेनं बांधकामं सरकू लागली. अखेर १९८८मध्ये साल्बुफेराला नैसर्गिक उद्यानाचा दर्जा मिळाला. मायोर्का ज्या बेटसमूहात येतं, त्या बालेआरिक बेटांवरचं हे पहिलं संरक्षित निसर्गक्षेत्र.

उद्यानात मोटारींना बंदी आहे. पुलापासून आत चालत किंवा सायकलीनं साधारण किलोमीटरभर गेलं, की सा रोका नावाचं माहिती केंद्र लागतं. तिथं प्रवेशाचा परवाना मिळतो, पैसे लागत नाहीत. रस्ता सपाट, त्यामुळे लहान मुलांची ढकलगाडीही जाते. वाटेत जागोजागी लाकडी लपणं आहेत. आत बाक आणि समोर आडव्या फटी, म्हणजे मुलांना बसायला जागा मिळते आणि ती थोडी हलली तरी पक्षी उडून जात नाहीत. फटीतून दिसणारी मंडळी मराठी माणसाला पुष्कळशी ओळखीची असतात. उजनी किंवा जायकवाडीच्या काठावर दिसणारे लालचुटूक लांब पायांचे शेकाटे इथंही पाण्यात तोऱ्यात चालत असतात. रातबगळे झाडीत पेंगत बसलेले असतात. वेतांवरून दलदली भोवत्या खाली-वर झोके घेत फिरत असतो.

आपल्या तळ्यांतल्या जांभळ्या पाणकोंबडीचा जवळचा भाऊबंदही इथं आहे. मायोर्कात हा पक्षी नामशेष झाला होता. १९९१मध्ये तो बाहेरून आणून साल्बुफेरात सोडला आणि त्यानं पुन्हा बस्तान बसवलं. निळाजांभळा रंग, लाल चोच, वाजवीपेक्षा मोठी लाल बोटं. पायात वेताचा कोंब धरून खातो तेव्हा मुलं खिदळल्याशिवाय राहत नाहीत. त्याच्याइतकं नशीब वारकऱ्याच्या एका दुर्मीळ जातीला मिळेल का, हे अजून ठरायचं आहे. पाण्यावरचा काळा पक्षी, पांढरं कपाळ, इथवर तो आपल्या नेहमीच्या वारकऱ्यासारखाच, पण विणीच्या दिवसांत याच्या कपाळावर दोन तांबडे गोंडे येतात. शेकडो साध्या वारकऱ्यांत गोंडेवाला कोण शोधतो, ही पैज लावली तर आठ-दहा वर्षांचं मूल बापाला सहज हरवतं.

मे महिन्याच्या संध्याकाळी इथं आकाशात वेगळाच खेळ चालतो. एलिओनोरा ससाणे जमतात आणि उडता उडता चतुर पकडून पायातल्या पायातच सोलून खातात. एका वेळी दहा, वीस, कधी त्याहून जास्त. या ससाण्याला नाव मिळालं ते सार्डिनियाच्या चौदाव्या शतकातल्या एलिओनोरा या राज्यकर्तीवरून, कारण तिच्या कायदेसंहितेत ससाण्यांना संरक्षण दिलेलं होतं. याची वीण सगळ्या जगाच्या उलट. बाकीचे पक्षी वसंतात पिल्लं वाढवतात, हा उन्हाळा सरताना अंडी घालतो. युरोपातले छोटे पक्षी शरद ऋतूत आफ्रिकेकडे निघतात, थकूनभागून समुद्रावरून जातात आणि कड्यांवर टपलेल्या या ससाण्यांच्या पिल्लांचं जेवण होतात. पिल्लं वाढली, की सगळं खटलं मादागास्करला हिवाळा काढायला रवाना होतं.

एवढे पक्षी या एका बेटावर का यावेत? वसंतात पश्चिम आफ्रिकेतून उत्तरेकडे निघालेला मूठभर वजनाचा पक्षी आधी सहारा ओलांडतो, मग समुद्र. अल्जेरियाच्या किनाऱ्यापासून मायोर्का सुमारे ३०० किलोमीटर. हवा चांगली असली तर पुष्कळ पक्षी वरच्या वर निघून जातात. पण रात्री वारा फिरला, पाऊस लागला, की मिळेल त्या जमिनीवर उतरण्यावाचून इलाज नसतो. म्हणून पर्यटकांच्या दृष्टीनं वाया गेलेला पावसाळी दिवस पक्षिवेड्यांना पर्वणीचा वाटतो. सकाळी उघडीप झाल्यावर हॉटेलच्या बागेतल्या झुडपांत कालपर्यंत नसलेले माशीमार, वटवटे, हळदे दिसू लागतात.

पोर्ट दे पोयेन्सा गावाला लागूनच असलेलं बोकेर खोरं अशा सकाळसाठी प्रसिद्ध आहे. दोन्ही बाजूंना उघडे खडक, मधून पाऊलवाट, वाटेत शेळ्या, आणि शेवटी एक छोटीशी खाडी. मोठ्यांना पक्षी, मुलांना पोहायला पाणी. खडकांवर निळा कस्तूर गातो, तोच जो हिवाळ्यात सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या तटांवर गुपचूप बसलेला दिसतो. इथं मात्र त्याचं घर आहे आणि तो गळा मोकळा सोडतो. याच झुडपांत बालेआरिक वटवट्या राहतो. मायोर्का, इबिझा, फोर्मेंतेरा आणि त्यांच्या आसपासची बेटं सोडली तर जगात कुठंही त्याची वस्ती नाही. खरं सांगायचं तर पक्षी दिसायला अगदीच सामान्य, राखाडी, शेपटी वर केलेला, डोळ्याभोवती तांबूस कडं. तो पाहण्यासाठी हजारो मैलांवरून माणसं येतात आणि त्यांच्याबरोबर आलेली मुलं ‘एवढंच?’ म्हणून मोकळी होतात. मुलांचं म्हणणं चुकीचं नाही.

मुलांना थक्क करायचं, तर ट्रामुंतानाच्या डोंगरात जावं. कुबेर जलाशयाभोवतीची वाट सोपी आहे आणि वर नजर लावून बसलं तर काळं गिधाड दिसायची शक्यता चांगली असते. पसरलेल्या पंखांची लांबी अडीच मीटरहून अधिक, जवळपास तीनपर्यंत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बेटावर अशी जेमतेम वीसेक गिधाडं उरली होती. विषारी आमिषं हे त्याचं मोठं कारण. मग विषाविरुद्ध मोहीम झाली, स्पेनच्या मुख्यभूमीवरची आणि पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं आणून सोडली गेली. आज तीसहून अधिक जोड्या घरटी करतात. बेटावर टिकून राहिलेली काळ्या गिधाडांची जगातली ही एकमेव वस्ती. २००८मध्ये वादळी वाऱ्यानं दुसऱ्या जातीच्या, ग्रिफॉन गिधाडांचा थवा मुख्यभूमीवरून इथं आणून टाकला. ती परत गेलीच नाहीत, इथंच नांदू लागली.

गिधाडांची ही गोष्ट ऐकताना मराठी वाचकाला डायक्लोफिनॅक आठवल्याशिवाय राहणार नाही. गुरांना दिलेल्या या वेदनाशामकामुळे भारतातली गिधाडं जवळजवळ संपली आणि २००६मध्ये आपण जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. ते सगळं उघड झालेलं असताना स्पेननं २०१३मध्ये हेच औषध गुरांसाठी वापरायला परवानगी दिली. पुढे २०२०मध्ये कॅटलोनियात काळ्या गिधाडाचं एक पिल्लू याच औषधानं मेल्याचं तपासणीत दिसलं. शहाणपण विकत घ्यायचीही तयारी नसणं, याला आणखी काय म्हणायचं?

एक दिवस बोटीसाठी राखून ठेवावा. दक्षिणेच्या कोलोनिया दे सांत जोर्डी गावातून काब्रेराला बोटी जातात. १९९१पासून हे छोटं बेट राष्ट्रीय उद्यान आहे. नेपोलियनच्या काळातल्या युद्धात पकडलेल्या हजारो फ्रेंच सैनिकांना इथं आणून टाकलं होतं आणि त्यांतले कितीतरी उपासमारीनं मेले. हल्लीचे पाहुणे पाव-चीज खाऊन निळ्या गुहेत डुंबतात. काळपट सरडे डब्याजवळ धिटाईनं येतात, मुलांचा निम्मा वेळ त्यांच्यातच जातो. पक्षिवेड्याचं लक्ष मात्र लाटांवर असतं. पाण्याला जवळजवळ पंख टेकवत जाणारा तपकिरी बालेआरिक शिअरवॉटर इथंच भेटतो. युरोपातल्या समुद्रपक्ष्यांत सर्वांत धोक्यात असलेला हाच. फक्त याच बेटसमूहावर कपारींत आणि गुहांत त्याची वीण होते. मासेमारीच्या लांब गळांत तो अडकतो, उंदीर-मांजरं त्याची अंडी-पिल्लं खातात.

आणि ज्यांना बोट लागते, त्यांनी वाळूवरच बसावं. पोयेन्साच्या किनाऱ्यावर टॉवेलांमधून फिरणारे काही कुरव नीट पाहिले, तर चोच गडद लाल आणि पाय करडे दिसतात. तो ओदुआँचा कुरव. पन्नास-साठ वर्षांपूर्वी जगात त्याच्या हजारेक जोड्याच उरल्या होत्या. पुढे स्पेनच्या एब्रो नदीच्या मुखाशी मोठी वसाहत उभी राहिली आणि संख्या सावरली. आता तो बटाट्याच्या चिप्सवर डोळा ठेवून असतो. दुर्बीण नसली तरी चालेल असा हा दुर्मीळ पक्षी.

भूमध्य समुद्रातली सगळीच बेटं पक्ष्यांना अशी मानवत नाहीत. २०१५मध्ये बर्डलाइफ संस्थेनं काढलेल्या अंदाजानुसार या समुद्राभोवती दरवर्षी सुमारे अडीच कोटी पक्षी बेकायदा मारले किंवा पकडले जातात. सायप्रसमध्ये चिकट काड्या आणि जाळी लावून धरलेले छोटे वटवटे चोरून मेजवानीत वाढले जातात. माल्टात गाणाऱ्या पक्ष्यांना जाळ्यात पकडण्याची सूट युरोपीय न्यायालयानं २०१८मध्ये बेकायदा ठरवली. मायोर्काही धुतल्या तांदळासारखं नाही. झाडीत मुद्दाम वाटा कापून कस्तूर जाळ्यात धरायची जुनी रीत आहे, आणि कोबीत शिजवलेला कस्तूर हा तिथला पारंपरिक पदार्थ.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मायोर्का अडीच तासांवर आहे. शाळांना ईस्टरची आणि मेअखेरची सुट्टी असते, नेमका तेव्हाच तिथं पक्ष्यांचा हंगाम असतो. जुलै-ऑगस्ट टाळावा हे उत्तम. उन्हाचा तडाखा, रस्त्यांवर गर्दी, पक्षी मुके, आणि फोर्मेंतोरच्या भूशिराकडे जायला खासगी गाड्यांना मज्जाव. वसंतातही दिवसभर हिंडण्यात अर्थ नाही. सकाळचे दोन तास आणि सूर्यास्ताच्या आधीचा एक तास पुरेसा असतो. मधल्या वेळात पक्षीही सावलीत बसतात. रात्री जेवणानंतर अंगणात पाच मिनिटं कान द्यावा. ठरावीक अंतरानं येणारी एकसुरी शीळ म्हणजे स्कॉप्स जातीचं छोटं घुबड. पक्ष्यांची यादी करायचीच असेल तर ती मुलांनी करावी. मोठ्यांनी केली, की सहलीचा गृहपाठ होतो.

शेवटी एक विनंती. दक्षिणेचा एस त्रेंक हा बेटावरचा बहुधा सर्वांत देखणा किनारा. मागेच मिठागरं आहेत, तिथं शेकाटे आणि कधी रोहितही दिसतात. २०१७पासून हा सगळा टापू नैसर्गिक उद्यान आहे. इथल्या वाळूवर केंटिश चिखल्या अंडी घालतो. घरटं म्हणजे नुसता एक खळगा, आणि अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची, पाय पडेपर्यंत कळत नाहीत. टेकाडांजवळ दोऱ्या बांधलेल्या दिसतील, त्यांच्या पलीकडे जाऊ नका, चेंडू गेला तरी मुलांना पाठवू नका. आणि एखादा छोटा पक्षी पंख मोडल्यासारखा लंगडत पुढे पळताना दिसला, तर त्याच्या मागे लागू नका. अंडी जवळच आहेत. आल्या वाटेनं मागे फिरा.