एका बिटातलं गाणं

सुपर ऑडिओ सीडी संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घातली की संगणक शांतपणे सांगतो, ही साधी सीडी आहे. त्याच्या परीने ते खरंही असतं. ‘हायब्रिड’ तबकडीत दोन थर असतात. वाचणाऱ्या बाजूकडून १.२ मिलिमीटर खोल सीडीचा नेहमीचा थर, आणि त्याच्या निम्म्या खोलीवर, ०.६ मिलिमीटरवर, दुसरा अर्धपारदर्शक थर. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर या दुसऱ्या थरातून आरपार जातो. तो थर वाचायला डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेसर लागतो. तसा लेसर डीव्हीडी वाचणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हमध्ये असतो, तरी उपयोग नाही. सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये ही तबकडी बाजारात आणली ती कुलूप लावूनच. मजकूर सांकेतिक केलेला, आणि किल्लीचा एक भाग तबकडीवरच्या खळग्यांच्या रुंदीत सूक्ष्म फरक करून लपवलेला. तो ओळखणारं यंत्र ठरावीक प्लेअरमध्येच बसवलं गेलं, संगणकाच्या ड्राइव्हमध्ये कधीच नाही. नॅपस्टरही त्याच वर्षी अवतरलं होतं, हे लक्षात घेतलं की कंपन्यांची धास्ती समजते.

कुलूप दमदार होतं. इतकं, की गिऱ्हाईकही बाहेर राहिलं. आज तबकड्या ठणठणीत आहेत आणि त्या वाजवणाऱ्या प्लेअरांचे लेसर थकत चाललेत. आमच्या इमारतीतल्या काकांकडे अशा तबकड्यांच्या दोन फळ्या आहेत. मुलगा अमेरिकेतून येताना आणायचा. प्लेअरने मान टाकल्यावर ते मला म्हणाले, “अरे, हे सगळं त्या फोनवरून लावता आलं पाहिजे. खुर्चीतून उठायचं नाही आता मला.” मागणी साधी होती. काम मात्र बरेच दिवस पुरलं.

कुलपाला पहिली फट पडली ती एका खेळण्यात. २००६ च्या पहिल्या प्लेस्टेशन ३ मध्ये सुपर ऑडिओ सीडी वाजवायची सोय होती. पुढच्या मॉडेलांमधून ती गेली. जुनं फर्मवेअर असलेल्या त्या जाडजूड पेटीतून तबकडीचा सगळा मजकूर बाहेर काढता येतो, हे हौशी लोकांनी २०११ च्या सुमारास शोधून काढलं. पुढे काही वर्षांनी विशिष्ट चिप असलेले काही ब्लू-रे प्लेअरही हे काम करतात असं कळलं. तेव्हापासून या जुन्या प्लेअरांचा सेकंडहँड बाजार उलटा झालाय. चित्र कसं दिसतं, रिमोट आहे का, याची चौकशीच नाही. मॉडेल नंबर सांगा, बस. मला मिळालेला प्लेअर विकणाऱ्याला तो बिनकामाचा वाटत होता आणि मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

कायद्याचं म्हणाल तर भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं कलम ६५ अ कुलूप तोडणाऱ्याचा हेतू बघतं: हक्कभंग करण्यासाठी तोडलं तर गुन्हा. अमेरिकेचा कायदा याहून कडक आहे. काकांच्या विकत घेतलेल्या तबकड्या त्यांच्याच घरात वाजणार, एवढ्या हद्दीत मी काम केलं. फाइली मागणारे पुतणे-भाचे काकांनीच परतवले.

प्रत्यक्ष रिप करणं बघण्यासारखं काही नसतं. प्लेअर नेटवर्कच्या वायरने लॅपटॉपला जोडायचा, तबकडी आत, आणि काळ्या खिडकीत सरकणारे आकडे बघत बसायचं. एक तबकडी उतरायला साधारण अर्धा तास. हाती येते ती एकच मोठी फाइल, आयएसओ. तिच्यात बहुधा दोन वेगळी दालनं असतात, एक स्टिरिओचं, दुसरं पाच-सहा वाहिन्यांचं. सहा वाहिन्यांचं तासाभराचं संगीत साडेसात जीबीच्या वर जातं आणि तबकडीची क्षमता ४.७ जीबी, म्हणून ते काहीही न गमावता आकसून ठेवलेलं असतं. ते आधी उलगडून घ्यावं लागतं.

उलगडल्यावर जे दिसतं ते सीडीची सवय असलेल्या माणसाला चक्रावून टाकतं. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. इथे सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० नमुने, आणि प्रत्येक नमुना फक्त एका बिटाचा. याला डीएसडी म्हणतात. एक बिट आवाजाची उंची सांगू शकत नाही. उंची कळते ती गर्दीवरून. लाट वर असेल तिथे १ ची दाटी, खाली असेल तिथे ० ची. म्हणजे शांततेत दोघांची संख्या सारखी हवी: ०११०१००१, पुन्हा ०११०१००१. नुसत्या शून्यांची ओळ म्हणजे शांतता नव्हे, ती लाटेची सगळ्यात खोल डुबकी.

हे पुस्तकी वाटेल, पण पहिला त्रास इथूनच सुरू होतो. डीएसएफ नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक वाहिनीचा मजकूर ४,०९६ बाइटांच्या ठोकळ्यांत भरतात. गाणं संपताना शेवटचा ठोकळा अर्धवट राहिला तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते. फाइलचा शेवट काटेकोर न पाळणारं सॉफ्टवेअर ती शून्यंही वाजवतं, आणि दोन गाण्यांच्या सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो. वेगवेगळ्या गाण्यांच्या संग्रहात तो खपूनही जाईल. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये एक गाणं दुसऱ्यात विरघळतं, तिथे तो डोक्यात जातो. म्हणून मी आता गाणी आधी सुटी करतच नाही. अख्खी तबकडी एकसंध काढायची, एकसंधच रूपांतर करायची, आणि कापायचं ते सगळ्यात शेवटी.

रूपांतर हवंच कशाला, असं शुद्धतेचे भक्त विचारतात. डीएसडी जसंच्या तसं डॅकपर्यंत, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या यंत्रापर्यंत, नेता येतं. त्यासाठी एक युक्ती आहे: २४ बिटांच्या साध्या चौकटीत डीएसडीचे १६ बिट ठेवायचे आणि वरच्या ८ बिटांत ओळखीची खूण. डॅकने खूण ओळखली तर संगीत. पण वाटेत कुणी आवाजाचं बटण केसाएवढं जरी हलवलं तरी खूण मोडते आणि स्पीकरमधून नुसती खरखर येते. एका बिटाला लहान-मोठं करता येत नाही. त्याला गुणलं की तो एक बिट राहत नाही. काकांना तर फोनवरूनच आवाज कमी-जास्त करायचा होता. शिवाय बैठकीतला स्ट्रीमर आणि स्वयंपाकघरातला स्पीकर, दोघांनाही पीसीएमच, म्हणजे सीडीसारखे अनेक बिटांचे नमुनेच, समजतात. मोठ्या स्ट्रीमिंग सेवाही सगळा कारभार पीसीएममध्येच चालवतात. भक्तांना नमस्कार करून मी फ्लॅकच्या, म्हणजे पीसीएम काहीही न गमावता आकसून ठेवणाऱ्या फाइलीच्या, वाटेला लागलो.

आकडा कोणता घ्यायचा, यावर लोक हिरिरीने भांडतात. मी ८८.२ किलोहर्ट्झ, २४ बिट घेतो. २८,२२,४०० ला ८८,२०० ने बरोबर ३२ वेळा भाग जातो. ९६,००० ने २९.४ वेळा. आजचं सॉफ्टवेअर तो अपूर्णांकही सहज सांभाळतं, त्यामुळे हे कारण थोडं हौसेचंच. ८८.२ च्या दुप्पट, १७६.४ वर का जात नाही, याचं कारण मात्र पक्कं आहे. एका बिटात मोजताना चूक प्रचंड होते आणि ती गोंगाटाच्या रूपाने उरते. डीएसडीची सगळी करामत म्हणजे घरातला केर झाडून अंगणात लोटणं: ऐकू येणाऱ्या पट्ट्यातून गोंगाट काढून २० किलोहर्ट्झच्या पलीकडे ढकलायचा. स्पेक्ट्रोग्राममध्ये हे डोळ्यांनी दिसतं. खाली व्हायोलिनच्या स्वरांच्या रेघा, वर जाताना त्या विरत जातात, पंचवीसच्या आसपास जांभळट धुकं सुरू होतं आणि वर वर दाटच होत जातं. १७६.४ ची फाइल हे धुकं ८८ किलोहर्ट्झपर्यंत इमानाने साठवते. वर गोंगाट आकसत नसल्यामुळे फ्लॅकची फाइल फुगते. काकांच्या हार्ड डिस्कवर मी केर का भरू? गाळणी तीसच्या आसपास लावतो आणि पुढे जातो.

मग पातळी. या तबकड्यांचं शून्य डेसिबल हे कमाल मर्यादेच्या ६ डेसिबल खाली ठरवलेलं आहे, त्यामुळे सरळ रूपांतर केलं की सगळं दबकं ऐकू येतं. ६ डेसिबल वाढवावं तर नियमांनी क्षणिक उसळ्यांना शून्याच्या वर तीन डेसिबलपर्यंत मुभा दिलेली, आणि त्या छाटल्या जातात. म्हणून आधी पूर्ण तबकडी तपासून सगळ्यात उंच शिखर शोधायचं आणि त्याला झेपेल तेवढीच वाढ पूर्ण तबकडीला एकसारखी द्यायची. गाण्यागणिक वेगळी वाढ देणारं बटण सॉफ्टवेअरमध्ये असतं. ते सिंफनीच्या संथ भागाला शेवटच्या भागाएवढं मोठं करून ठेवतं. ते बटण कशासाठी दिलंय, देव जाणे.

तबकडी अशी उघडून बसलं की जाहिरातीतल्या शब्दांची झडतीही आपोआप होते. काही तबकड्यांच्या चित्रात २२ किलोहर्ट्झला सरळ भिंत दिसते. मूळ ध्वनिमुद्रण सीडीच्याच दराने झालेलं आणि नंतर उंची कपडे चढवलेले. याउलट ‘डार्क साइड’च्या २००३ च्या हायब्रिड तबकडीत दोन्ही थरांवरचा स्टिरिओ शेजारी शेजारी ठेवला, तर सीडीच्या थरावर शिखरं दाबून सरासरी आवाज चढवलेला दिसतो आणि वरच्या थरावर श्वास घ्यायला जागा सोडलेली. कान म्हणतात, वाः, हाय-रेझोल्यूशन! वास्तविक फरक मास्टरिंगला बसलेल्या माणसाच्या निर्णयाचा आहे, बिटांचा नव्हे.

ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. हाय-रेझोल्यूशन तबकड्यांच्या आवाजाच्या वाटेत त्यांनी सीडीच्या दर्जाचा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा टप्पा घातला आणि तो आहे की नाही, हे ऐकणाऱ्यांना ओळखायला सांगितलं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखी. त्याच लेखात त्यांनी हेही नोंदवलं की यांतल्या बऱ्याच तबकड्या बाजारातल्या सीडींपेक्षा खरोखरच सरस वाजतात, कारण त्या करताना काळजी घेतलेली असते. या निबंधावर अजून वाद चालतात. माझ्यापुरता तो मिटलाय. या तबकड्या रिप करण्याजोग्या आहेत त्या आतल्या मास्टरिंगसाठी, आणि ते मास्टरिंग ८८.२ च्या फ्लॅकमध्ये पूर्ण येतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र यातल्या कशातच गेला नाही. तो गेला नावं लिहिण्यात. तबकडीवर गाण्यांची नावं असतात, कधी अर्धवट, कधी सगळी मोठ्या लिपीत, कधी नसतातच. टॅगची चौकट पॉप गाण्यांसाठी बेतलेली: कलाकार, अल्बम, गाणं. सिंफनीत कलाकार कोण? संगीतकार, वाद्यवृंद, की संचालक? विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांच्या १९९३ च्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला तर जन्मच असा, की दोघे ध्वनिमुद्रणाच्या अर्धा तास आधी पहिल्यांदा भेटले. सांता बार्बराच्या एका चॅपलमध्ये मोहनवीणा आणि गिटार, तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी. दोघांतलं नाव आधी कुणाचं, यावर काका ठाम: “भट्टांचं. आणि पंडित लाव आधी.”

“काका, पंडित लावलं तर सगळे पंडित ‘प’खाली जातील आणि सगळे उस्ताद ‘उ’खाली. तुम्हाला कुणीच सापडणार नाही.”

तोड निघाली. दिसायला एक नाव आणि क्रम लावायला दुसरं, असे दोन वेगळे टॅग असतात. दिसतं ‘पं. विश्वमोहन भट्ट’, सापडतं ‘भ’मध्ये. देवनागरी लिहायला फ्लॅकची काही हरकत नसते. हरकत असते ती स्ट्रीमरच्या पुढच्या चिमुकल्या पडद्याची. तिथे जोडाक्षरं फुटतात आणि ‘विश्व’चे तुकडे वेगवेगळे उभे राहतात. फोनवर नीट दिसतं, म्हणून काकांनी ते चालवून घेतलं.

काकांच्या सकाळच्या फेरीसाठी आयएसओ आणि फ्लॅकखेरीज तिसरा संच केला, २५६ केबीपीएसचा एएसी. ब्लूटूथ इयरफोनपर्यंत जाताना आवाज पुन्हा आकसतोच, आणि बाजूने पीएमपीएमएलची बस जात असताना २४ बिटांची चर्चा नको. घरी मात्र मी काकांना मूळ डीएसडी आणि फ्लॅक, दोन्ही पातळी जुळवून, न सांगता आलटून पालटून ऐकवलं. त्यांनी बराच वेळ डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “मला काही फरक कळत नाही. मग ती मोठी आयएसओ ठेवायची कशाला?”

ठेवायची, कारण प्लेअरचा लेसर किती दिवसांचा सोबती आहे सांगता येत नाही, आणि उद्या बरी गाळणी निघाली तर फ्लॅक नव्याने करता येईल. दुसरं कारण रिम्स्की-कोर्साकॉव्हच्या ‘शेहेराझाद’चं आहे. फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिंफनीचं हे १९६० चं ध्वनिमुद्रण तीन ट्रॅकच्या टेपवर झालं होतं: डावा, मधला, उजवा. एलपीवर तीन वाहिन्या बसेनात, म्हणून मधली दोन्हीकडे वाटून टाकली गेली. सुपर ऑडिओ सीडीच्या दुसऱ्या दालनात ती पुन्हा स्वतंत्र आहे. फ्लॅकला तीन वाहिन्या चालतात, काकांच्या स्ट्रीमरला नाही. पण टीव्हीच्या रिसीव्हरला चालतात. ते ऐकल्यापासून काका मधला स्पीकर कुठे ठेवायचा याची मापं घेत आहेत. जागा एकच आहे, आणि तिथे सध्या काकूंचं शोकेस आहे. बोलणी चालू आहेत.