रेक्टिफायर का मरतो?

माळ्यावरून आजोबांचा रेडिओ खाली आला की घरातला उत्साही माणूस धूळ पुसतो आणि लगेच पिन सॉकेटमध्ये घालतो. व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर नेमकं हेच करायचं नाही. तीस-चाळीस वर्षं बंद पडून असलेल्या संचाचं जे काही बिघडायचं असतं, त्यातलं बरंचसं त्या पहिल्या काही मिनिटांत बिघडतं, आणि तेही बहुधा त्याच्या पॉवर सप्लायमध्ये.

चासीवर ॲल्युमिनियमचा एक उभा डबा असतो, तो इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. आत ॲल्युमिनियमची गुंडाळलेली पट्टी आणि तिच्यावर ऑक्साइडचा थर. हा थर दर व्होल्टमागे जेमतेम दीड नॅनोमीटर, म्हणजे ४५० व्होल्टच्या कंडेन्सरमध्येही मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळ. साडेतीनशे व्होल्ट अडवायचे ते एवढ्याशा थराने. गंमत अशी, की हा थर विजेनेच तयार होतो आणि वापरात राहिला तरच नीट टिकतो. रेडिओ वर्षानुवर्षं पडून राहिला की थर जागोजाग विरतो, आतलं द्रावण सुकतं. अशा कंडेन्सरवर एकदम पूर्ण व्होल्टेज आलं की करंट झिरपतो, डबा तापतो, आत वायू धरतो आणि कधीकधी फुटतोही.

म्हणून जाणता मेकॅनिक आधी सिरीज बल्ब लावतो. रेडिओच्या वाटेत ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब. एलईडी इथे कामाचा नाही. २३० व्होल्टवर पूर्ण पेटलेल्या या बल्बचा रोध सुमारे ८८० ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. रेडिओ ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंदावतो. आत शॉर्ट असेल तर तो ढणढणत राहतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो. रेक्टिफायर व्हॉल्व्ह, म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा, उपसून हीच परीक्षा पुन्हा घ्यायची. आता बल्ब मंदावला तर दोष रेक्टिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे. अजूनही ढणढणतोय तर बहुधा ट्रान्सफॉर्मरचे वेढेच आतून चिकटलेत.

पन्नाशीच्या दशकातला, ट्रान्सफॉर्मर असलेला संच घेऊ. ट्रान्सफॉर्मर घरच्या विजेतून दोन गोष्टी काढतो: व्हॉल्व्हच्या तारा तापवायला ६.३ व्होल्ट, आणि मधला सांधा चासीला जोडलेली, दोन्हीकडे २५० व्होल्ट देणारी गुंडाळी. ही दोन टोकं ईझेड-८० या रेक्टिफायरच्या दोन पत्र्यांना जातात. मध्ये बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप दिलेली नळी, म्हणजे कॅथोड, लालसर तापते आणि इलेक्ट्रॉन सोडते. इलेक्ट्रॉन पत्र्याकडे जातात, उलट येत नाहीत. जॉन ॲम्ब्रोस फ्लेमिंगने १९०४ मध्ये हाच एकेरी रस्ता वापरून पहिला डायोड केला, पण तो बिनतारी संदेश पकडण्यासाठी. व्हॉल्व्हच्या काचेला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो उरलीसुरली हवा शोषणाऱ्या बेरियमचा. डाग दुधासारखा पांढरा झालेला दिसला की आत हवा शिरली म्हणायचं; तो व्हॉल्व्ह तपासण्यात वेळ घालवू नये.

पुढचा पुरावा कानाला मिळतो. रेडिओ लागला पण घुमतोय, तर आवाजाचं बटण शून्यावर आणायचं. घुमणं तरीही तसंच राहिलं तर संशय सप्लायवर. ईझेड-८० विजेच्या लाटेचे दोन्ही अर्ध वापरतो, त्यामुळे त्याची धडधड सेकंदाला १०० वेळा. कंडेन्सर सुकला की ही १०० हर्ट्झची घरघर स्पीकरपर्यंत पोहोचते. गुंडाळीची एक बाजू तुटली किंवा रेक्टिफायरचा एक पत्रा निकामी झाला तर अर्धीच लाट उरते आणि सूर ५० हर्ट्झवर, बरोबर एक सप्तक खाली, खर्जात उतरतो. तंबोरा जुळवणाऱ्या माणसाला हा फरक मीटरशिवाय कळावा. घुमणं जावं म्हणून कुणी कुणी जुन्या कंडेन्सरच्या जागी चांगला ढब्बू, २२० मायक्रोफॅरडचा लावतात. आवाज स्वच्छ होतो खरा, पण ईझेड-८०ची पहिल्या कंडेन्सरसाठीची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. मोठा कंडेन्सर भरताना दर लाटेला जो करंटचा झटका बसतो, त्याने व्हॉल्व्ह लवकर संपतो.

रेक्टिफायर मरण्याचं याहून छुपं कारण मात्र सप्लायमध्ये नसतंच.

समजा, रेक्टिफायरच्या पुढे २६० व्होल्ट यायला हवेत तिथे २१० येताहेत आणि ट्रान्सफॉर्मरला हात लावून धरवत नाही. दुकानदार म्हणतो, रेक्टिफायर गेला. बदलला. काही दिवसांनी पुन्हा तेच. अशा वेळी मीटर शेवटच्या व्हॉल्व्हकडे, ईएल-८४कडे न्यावा. त्याच्या कॅथोडखाली साधारण १३५ ओहमचा रेझिस्टर असतो. सगळं ठीक असेल तर त्यावर ७ व्होल्टच्या आसपास दिसतात, म्हणजे सुमारे ५२ मिलिअँपिअर. आता दिसतात १०. भागाकार केला की ७४ मिलिअँपिअर. बाकीच्या व्हॉल्व्हचे वीसेक धरले तर बेरीज ९५च्या आसपास जाते. ईझेड-८० सोसतो ९०.

हे जादा मिलिअँपिअर कुठून आले? ईएल-८४च्या ग्रिडशी एक छोटा मेणकागदी कंडेन्सर जोडलेला असतो. आधीच्या व्हॉल्व्हकडचा आवाज पुढे सोडायचा आणि तिथले १०० व्होल्ट अडवायचे, एवढंच त्याचं काम. कागदाने वर्षानुवर्षं दमट हवा प्यायलेली असते. समजा, त्याचा रोध २० मेगओहमवर आला. हा आकडा इतका मोठा, की साध्या मल्टिमीटरवर कंडेन्सर ठणठणीत ठरतो. पण ग्रिडपासून चासीपर्यंत १ मेगओहमचा रेझिस्टर आहे; १०० व्होल्टांची वाटणी होऊन ग्रिडवर पावणेपाच व्होल्ट उतरतात. ग्रिड म्हणजे नळाची चावीच. ती तेवढी सैल झाली की ईएल-८४ करंट ओढत सुटतो, ट्रान्सफॉर्मर तापतो, रेक्टिफायर दम तोडतो. म्हणून माझ्या मते कोणत्याही जुन्या संचात हा कंडेन्सर न तपासता बदलावा. किंमत चहाच्या एका कपाएवढी. तपासायचाच असेल तर ग्रिडकडचं टोक सोडवून त्या टोकापासून चासीपर्यंत व्होल्टेज पाहावं. सुरुवातीची क्षणभराची उडी सोडली तर काटा शून्यावर राहायला हवा.

हे करताना एक हात खिशात ठेवायची जुन्या मेकॅनिकांची सवय होती, ती उगाच नव्हती. ३५० व्होल्टला भरलेल्या ३२ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये सुमारे २ ज्यूल ऊर्जा असते, आणि शेवटचा व्हॉल्व्ह मेलेला असेल तर पिन काढल्यावरही ती तशीच राहते. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची मर्दुमकी नको. दोन-तीन किलोओहमच्या जाड रेझिस्टरमधून ती उतरवावी. आणि व्हॉल्व्हची नावं ‘यू’ने सुरू होत असतील, यूवाय-८५, यूएल-८४ अशी, तर थांबावं. अशा संचांत विजेपासून वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर सहसा नसतो, चासी थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. पिन उलटी बसली की अख्खी चासी जिवंत. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हाताशी नसेल तर अशा रेडिओचं मागचं झाकण उघडू नये.

शेवटी लोक विचारतात, ईझेड-८० मिळवत बसण्यापेक्षा दोन सिलिकॉन डायोड टाकले तर? टाकता येतात. प्रत्येकाला उलट दिशेने ७०० व्होल्ट सोसावे लागतात. १एन४००७ हजार सोसतो. पण ईझेड-८० बाकीच्या व्हॉल्व्हबरोबर सावकाश तापतो, तर डायोड पहिल्याच क्षणी साडेतीनशे व्होल्ट पुढे ढकलतो. तेव्हा बाकीचे व्हॉल्व्ह थंड, भार शून्य, आणि सगळा ताण कंडेन्सरवर. वाटेत एखादा रेझिस्टर घालून हे थोडं निभावतं. खरी पंचाईत वेगळीच. तो मेणकागदी कंडेन्सर तसाच राहिला असेल तर ९५ मिलिअँपिअरने १ अँपिअरच्या डायोडचं काही बिघडत नाही. तो ढिम्म राहतो, आणि जळायची पाळी ट्रान्सफॉर्मरवर येते.