पेरू, परीक्षानळी आणि हृदय

पावसाळा सरला की हैदराबादेत पेरूच्या हातगाड्या दिसू लागतात. येथील उर्दूत या फळास 'जाम' म्हणतात, आणि मराठवाड्यातून येऊन सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही तोच शब्द चालतो. पुण्याकडील पाहुण्यास मात्र 'जाम' म्हटले की बरणीतला मुरंबा आठवतो आणि थोडा घोटाळा होतो.

या साध्या फळाला २०११ च्या आरंभी एकाएकी मोठा मान मिळाला. तार्नाका येथील राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी भारतात नेहमी खाल्ली जाणारी चौदा ताजी फळे तपासली होती. त्यांत अँटिऑक्सिडंट द्रव्यांच्या बाबतीत पेरू अग्रस्थानी आला. महागडे सफरचंद त्याच्या जेमतेम एक चतुर्थांश भरले. वृत्तपत्रांनी ही वार्ता आनंदाने छापली. गरिबाच्या फळाने श्रीमंताच्या फळास मागे टाकावे, हे कोणाला आवडणार नाही? संस्थाही काही आजकालची नव्हे. १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरीच्या संशोधनासाठी तिचा आरंभ झाला आणि १९५८ साली ती हैदराबादेत आली. त्या वेळी तिची सूत्रे डॉ. वि. ना. पटवर्धन यांच्याकडे होती. अशा ठिकाणची मोजणी खोटी ठरवण्याचे कारण नाही. परंतु पेरू हृद्रोग टाळतो, असे या मोजणीने सिद्ध झाले काय?

ही द्रव्ये काय करतात ते प्रथम पाहू. उघडे ठेवलेले तेल खवट होते, कापलेले सफरचंद काळवंडते. हा प्राणवायूचा प्रताप. ही क्रिया रोखणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट, ज्यांना मराठी विज्ञानग्रंथांत प्रतिऑक्सिडीकारके म्हणतात. क आणि ई ही जीवनसत्त्वे, गाजरातील बीटा-कॅरोटीन ही त्यांतली ठळक नावे. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण असेच 'खवट' झाले म्हणजे ते धमनीच्या भिंतीत अधिक साचतात, असे प्रयोगशाळेत आढळले. मग तर्क सरळच होता: खवटपणा रोखा, धमन्या वाचतील.

तर्काला पाठबळही मिळाले. १९९३ साली अमेरिकेतील ८७ हजारांवर परिचारिका आणि सुमारे ४० हजार पुरुष यांच्या दोन पाहण्या प्रसिद्ध झाल्या. ई जीवनसत्त्व भरपूर घेणाऱ्यांना हृद्रोग पुष्कळच कमी होत होता. गोळ्यांचा खप वाढण्यास आणखी काय हवे?

येथे थोडे थांबले पाहिजे. शाळेत शिकवणीला जाणाऱ्या मुलांना अधिक गुण मिळतात, असे दिसले म्हणून ते गुण शिकवणीचेच, असे कोणी शहाणा मास्तर म्हणणार नाही. त्या मुलांच्या घरी पुस्तके असतील, दिव्याची सोय असेल, अभ्यास घेणारी आई असेल. त्याचप्रमाणे रोज नेमाने जीवनसत्त्वाची गोळी घेणारा माणूस बहुधा धूम्रपान कमी करतो, फिरावयास जातो, वैद्याकडेही वेळेवर जातो. पाहणी करणारे या गोष्टींचा हिशेब वजा करतात. परंतु न मोजलेल्या गोष्टीचा हिशेब वजा कसा करणार?

यावर उपाय एकच. माणसे चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटावयाची, एकास खरी गोळी, दुसऱ्यास दिसण्यात तशीच पण निरुपयोगी गोळी द्यावयाची, आणि वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. असे प्रयोग झाले, आणि निकाल धक्कादायक लागले. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा अहवाल १९९४ साली आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला! २००० साली ९,५४१ रुग्णांवरील प्रयोगात ई जीवनसत्त्वाचा हृदयास काहीच लाभ दिसला नाही. २००२ साली अहवाल आलेल्या ब्रिटनमधील प्रयोगात २०,५३६ लोकांपैकी निम्म्यांना ई, क आणि बीटा-कॅरोटीन ही तिन्ही एकत्र पाच वर्षे देण्यात आली होती. त्यांच्या रक्तात ही द्रव्ये चांगली वाढली, पण हृदयविकार होता तेवढाच राहिला. म्हणजे औषध पोटात गेले नाही, असेही म्हणावयास जागा उरली नाही.

परीक्षानळीतील आकड्यांचेही तसेच. निरनिराळ्या खाद्यपदार्थांची प्राणवायुरोधक शक्ती दाखविणारा एक मोठा तक्ता अमेरिकेच्या कृषिखात्याने तयार केला होता. त्या आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध दाखविता येत नाही आणि विक्रेते त्यांचा जाहिरातीत गैरवापर करतात, म्हणून २०१२ साली त्या खात्यानेच तो मागे घेतला. फळातील ही द्रव्ये आतड्यात थोडीच शोषली जातात आणि यकृतात त्यांचे रूप पालटते. नळीत हे काही घडत नाही. शिवाय आकडाही स्थिर नसतो. शंभर ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, असे जुन्या तक्त्यात होते. याच हैदराबादच्या संस्थेने २०१७ साली काढलेल्या नव्या तक्त्यात ते सुमारे २५० आहे.

मग पेरू खाऊ नये की काय? अवश्य खावा. गोळी निष्फळ ठरली, फळ नव्हे. बावन्न देशांतील हृद्रोग्यांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत रोज फळे व भाज्या खाणाऱ्यांना धोका कमी दिसला. ही पुन्हा पाहणीच, चिठ्ठ्यांचा प्रयोग नव्हे, हे विसरू नये. पेरूत तंतू आहेत, पोटॅशियम आहे, आणि तो खाल्ल्याने भजी खाण्याची जागा भरते. यांतले श्रेय कोणाचे ते वेगळे काढणे कठीण. मात्र गाडीवाला त्यावर तिखटमीठ चोळतो, त्यातले मीठ रक्तदाबाच्या खात्यावर पडते.

याच पाहणीतून दुसरीही एक गोष्ट पुढे आली. पहिला हृदयाघात दक्षिण आशियात सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत सुमारे ५९ व्या. घरची मुले शिकत असतात, मुलीचे लग्न व्हावयाचे असते, अशा वयात कर्ता माणूस जातो. त्यामुळे गोळ्यांवर पैसा घालविणे हा केवळ फसवणुकीचा प्रश्न राहत नाही. रक्तदाब तपासणे आणि विडी सोडणे हे त्या भरवशावर लांबणीवर पडते.

हैदराबादच्या परिसरातच याहून मोलाचा एक प्रयोग झाला आहे, त्याची वार्ता मात्र पेरूइतकी गाजली नाही. १९८७ ते १९९० या काळात जवळच्या २९ खेड्यांपैकी काहींत गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना रोज पूरक आहार देण्यात आला. उरलेल्या खेड्यांत ती सरकारी योजना अद्याप पोचली नव्हती. त्या मुलांना २००३ ते २००५ मध्ये शोधून पुन्हा तपासले. आहार मिळालेल्या खेड्यांतील मुले १४ मिलिमीटरने उंच निघाली आणि त्यांच्या धमन्या अधिक लवचीक होत्या. रक्तदाबात व कोलेस्टेरॉलमध्ये मात्र ठळक फरक नव्हता. खेडी चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, आणि सर्व मुले सापडलीही नाहीत. लवचीक धमनी म्हणजे टळलेला हृद्रोग असेही नव्हे. ती मुले आज पस्तिशी ओलांडून गेली आहेत. त्रेपन्नाव्या वर्षाला त्यांना अजून बराच अवकाश आहे.