उंदराच्या पोटातला जंत आणि आपली मुले

‘डॉक्टर, आमचे घर माळकरी, मग पोराच्या पोटात पट्टकृमी आला कुठून?’ हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा रागही असतो, कारण पट्टकृमी म्हणजे डुकराचे मांस, असे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्के बसले आहे. ते अर्धेच खरे आहे.

पट्टकृमीच्या जाती पुष्कळ. आपल्याच मराठवाडा विद्यापीठातील प्राणिशास्त्राच्या संशोधकांनी त्यांचा बराच अभ्यास केला आहे. वाम माशाच्या आतड्यातील एका नव्या जातीला जाधव व शिंदे यांनी १९८० साली ‘सेंगा औरंगाबादेन्सिस’ हे नाव दिले. शहराचे नाव बदलले, जंताचे मात्र शास्त्राच्या नियमाने तेच राहणार!

मुलांच्या पोटात बहुधा सापडतो तो वेगळा. त्याला बुटका पट्टकृमी म्हणतात. शास्त्रीय नाव हायमेनोलेपिस नाना, लांबी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. १८५१ साली बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांना कैरो येथे एका मुलाच्या आतड्यात तो प्रथम दिसला. इतर पट्टकृमींना वाढीसाठी मध्ये दुसरा प्राणी लागतो, याचे त्यावाचून अडत नाही. एकाच्या शौचातील अंडी न धुतलेल्या हातांतून, नखांतून, पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडी जातात. क्वचित धान्यातले किडे पोटात गेल्यानेही लागण होते. मांसाहाराचा येथे संबंधच नाही.

या जंताची बरीचशी माहिती आपल्याला प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांनी दिली. उंदराला अंडी चारली की आतड्यात ती फुटतात आणि अळी आतड्याच्या लवेत शिरते. चार-पाच दिवसांनी बाहेर येऊन ती आतड्याला चिकटते आणि साधारण दोन आठवड्यांत तिचा अंडी देणारा जंत होतो. गंमत अशी, की त्याच उंदराला पुन्हा अंडी चारली तर ती सहसा रुजत नाहीत. शरीराने शत्रूला ओळखलेले असते. मोठ्यांपेक्षा मुलांत हा जंत अधिक दिसतो, त्याचेही एक कारण हेच असावे. पण कॉर्टिसोन देऊन उंदराची प्रतिकारशक्ती दाबली, तर अळ्यांचा सुळसुळाट होतो. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांच्या पोटातील जंत आम्ही हसण्यावारी नेत नाही, तो यामुळेच.

तरीही उंदीर म्हणजे माणूस नव्हे. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी माणसाकडून मिळालेली या जंताची अंडी प्रयोगशाळेतील उंदीर-घुशींना चारली, पण लागण झाली नाही. २००२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. दिसायला एकच असलेले हे जंत बहुधा आपापले घर सोडत नाहीत. म्हणून घरातल्या उंदराला दोष देण्याआधी मुलाची नखे पाहावीत, असे माझे मत आहे. (उंदीर इतर रोग पसरवतात, तेव्हा त्यांना अभय नाही.)

डुकराच्या मांसातून येणारा मोठा पट्टकृमी साध्या उंदरात वाढत नाही. म्हणून त्याच्या एका नातलगाच्या, टीनिया क्रॅसिसेप्सच्या, अळ्या उंदराच्या पोटात वाढवतात. बटाट्याला डोळे फुटावेत तशी त्यांना पिल्ले फुटतात. मेक्सिकोत डुकरांसाठी केलेल्या लसीची पहिली परीक्षा अशा उंदरांवरच झाली. एवढा खटाटोप कशासाठी? या मोठ्या जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात आणि फीट येते. अंडी येतात ती जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या कोथिंबिरीवर किंवा हातांवर बसून. म्हणजे माळकऱ्यालाही धोका आहेच.

आता औषधाचे. शाळेत जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी इतर जंतांवर चांगली आहे, ती चुकवू नये. मात्र बुटक्या पट्टकृमीसाठी एका गोळीवर भरवसा ठेवता येत नाही. मुलाचे पोट वारंवार दुखत असेल, जुलाब होत असतील, तर शौचाची तपासणी करावी. एकदा अंडी दिसली नाहीत तर दोन-तीन दिवसांचे नमुने द्यावेत. त्यावरचे औषध प्राझिक्वांटेल. मात्रा वजनावर ठरते, आणि घरातील इतर मुलांनाही तपासावे लागते. मुलाला पूर्वी कधी फीट आली असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. मेंदूत गाठ असलेल्याला या औषधाने पुन्हा फीट येऊ शकते, म्हणून दुकानातून परस्पर आणून देऊ नका.