घरं काउंटीची, रस्ते राज्याचे

आता आपण व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीकडे येऊ. १९७० साली इथे सुमारे ३७ हजार माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत हा आकडा ४ लाख २० हजारांवर गेला. जुने मुख्य मार्ग मात्र मोजकेच: लीसबर्गहून पूर्वेला जाणारा रूट ७, दक्षिणोत्तर यूएस १५, आणि यूएस ५०.

अडचण समजायला १९३२ मध्ये जाऊ. त्या वर्षीच्या बर्ड रोड कायद्याने बहुतेक काउंट्यांचे रस्ते राज्याकडे गेले. म्हणून तिथे वसाहतीतल्या रस्त्यालाही ६०० च्या पुढचा राज्य क्रमांक असतो. पण कुठल्या शेतावर वसाहत होऊ द्यायची, हे काउंटीचं मंडळ ठरवतं. म्हणजे घरांना परवानगी एकाची, रस्त्याचा भार दुसऱ्यावर!

मग वाटा निघाल्या. रूट २८ साठी १९८७ मध्ये लगतच्या व्यापारी-औद्योगिक मालमत्तांवर जादा कर बसला. १९९५ मध्ये डलेस ग्रीनवे हा खासगी टोलरस्ता सुरू झाला. एकीकडे मालमत्ताधारक पैसे भरतो, दुसरीकडे रोज कामावर जाणारा. वाढीचा खर्च कुणी सोसायचा, हे घरांना परवानगी देतानाच आपण विचारायला हवं, नाही का?